धोटे सरांची रोजची एक चूक

आमच्या विभागात दोन गोष्टी कधी राइट-ऑफ होत नाहीत: बंद पडलेले मीटर आणि किस्से. मीटर भंगारात काढायला तीन सह्या लागतात आणि तिसरी सही करणारा माणूस नेमका नोकरी सोडून गेलेला असतो. किश्शांना सही लागत नाही, पण ते टाकून द्यायला कोणाचा हात धजत नाही. मग दोन्हींचा ढीग वाढत जातो. मीटरवर धूळ चढते आणि किश्शांवर थोडा मीठमसाला.

मी वर्ध्याजवळच्या एका छोट्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवते. विभाग म्हणजे आम्ही तिघं. विभागप्रमुख धोटे सर, लॅब असिस्टंट मेश्राम भाऊ आणि मी. मुलं येतात, तीन वर्षं आमचं डोकं खातात आणि जातात. पण एक मुलगी अशी आली की तिच्यासाठी आम्हा तिघांची झोप उडाली. शुभांगी. आंजी गावची, भाजीवाल्या शेतकऱ्याची पोरगी. तिला एकच हवं होतं: सबस्टेशनवर काम. टेबलावर नाही, साइटवर! ते तिला मिळतं की नाही, याचा घोर तिच्यापेक्षा आम्हालाच जास्त लागला होता.

पण सुरुवात धोटे सरांपासून करते, कारण सगळ्या भानगडीचं मूळ तेच.

*

धोटे सरांची एक पद्धत आहे. मुलांना प्रॅक्टिकलसाठी जे ड्रॉइंग देतात, त्यात ते मुद्दाम एक चूक घालून ठेवतात. एकच, पण पक्की. कुठं वायर भलत्याच टोकाला नेतात, कुठं फ्यूजच गायब करतात. ती चूक सापडल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. मेश्राम भाऊ अवजारांच्या कपाटासमोर स्टूल टाकून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतात, "चूक दाखवा, पक्कड घ्या!"

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या हातात टाइमटेबल ठेवलं. पद्धतीबद्दल माझ्या आधीच कानावर आलं होतं. मी ते वर-खाली पाहिलं आणि माझी कळी खुलली. मंगळवारी अकरा वाजता मला एकाच वेळी दोन वर्गांवर टाकलं होतं! मी धावत सरांकडे गेले.

"सर, सापडली तुमची चूक!"

सरांनी चष्मा वर करून कागद पाहिला आणि शांतपणे परत दिला.

"ही माझी नाही मॅडम. टाइमटेबल प्रिन्सिपल साहेब करतात."

त्या मंगळवारी मी खरंच दोन वर्ग घेतले. मधलं दार उघडं ठेवून, उंबरठ्यात उभं राहून.

*

शुभांगी पहिल्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. जिन्याची वायरिंग होती. खालच्या बटणाने दिवा लावायचा, वरच्या बटणाने विझवायचा. साधं काम. सरांनी ड्रॉइंग वाटलं आणि सगळी बॅच चूक शोधायला बसली.

अर्धा तास गेला. तास गेला. एरवी दहा मिनिटांत पक्कड घेऊन जाणारी पोरं घामाघूम! मग हळूहळू चुका निघायला लागल्या. एकजण म्हणाला, दिवा उलटा काढलाय. दुसरा म्हणाला, जिन्याला कठडाच नाही. तिसऱ्याने तर ड्रॉइंगवरची तारीखच चुकीची ठरवली. मेश्राम भाऊंनी एकालाही पक्कड दिली नाही.

शुभांगी मात्र हाताची घडी घालून बसली होती. सर तिच्यापाशी गेले.

"काऊन वं, बसून काऊन राह्यली? चूक शोध ना."

"यात चूक नाई सर."

"असं कसं होईल? मी घातली आहे."

"नाई घातली जी तुम्ही."

पहिल्या वर्षाची पोरगी विभागप्रमुखाला तोंडावर सांगते की तुम्ही चूक केली नाही! सरांनी तिच्या हातातलं ड्रॉइंग घेतलं, दोनदा बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. त्या दिवशी घाईत ते चूक घालायलाच विसरले होते.

"मेश्राम," सर म्हणाले, "हिले पक्कड द्या. अन् बाकीच्यायले कठडा बांधाले लावा!"

*

आता पुदिन्याचा किस्सा. लॅबच्या मागे आमच्या अर्थिंगचा खड्डा आहे. अर्थिंग म्हणजे यंत्रात वीज चुकून उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता सरळ जमिनीत जावी याची सोय. त्यासाठी तिथली माती ओली लागते. वर्ध्याच्या मे महिन्यात ओली माती म्हणजे काय चीज आहे, ते इथल्यांना सांगायला नको! म्हणून मेश्राम भाऊ रोज सकाळी त्या खड्ड्याला दोन बादल्या पाणी घालतात. रविवारीसुद्धा येतात.

इतकं पाणी पाहून खड्ड्याशेजारी कोणीतरी पुदिना लावला. कोणी ते कोणीच कबूल केलं नाही. पण तो असा फोफावला की सगळ्या कॉलेजात हिरवं म्हणून तेवढंच दिसायचं. पंचाईत अशी झाली की अर्थिंगच्या खड्ड्यात मधूनमधून मीठ टाकावं लागतं. धोटे सर म्हणाले, मीठ टाका. मेश्राम भाऊ म्हणाले, टाकणार नाही. दोघांचं दोन दिवस बोलणं बंद!

शेवटी दोघं शुभांगीकडे गेले. शेतकऱ्याची पोरगी, तीच न्याय करील म्हणून.

ती म्हणाली, "मीठ टाकलं त पुदिना मरते. नाई टाकलं त अर्थिंग मरते. पुदिना हलवता येते सर, खड्डा हलवता येत नाई."

तिने स्वतःच्या हाताने पुदिना चार हात लांब नेऊन लावला. पुढच्या महिन्यात तपासणी कमिटी आली. त्यांनी अर्थिंगचं रीडिंग घेतलं, ते झकास आलं. मग त्यांना पुदिना घातलेलं ताक दिलं. जाताना कमिटीचे अध्यक्ष मेश्राम भाऊंचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचं अर्थिंग फार चवदार आहे!"

*

तिसऱ्या वर्षाला असताना एकदा शुभांगीच्या वावरात मोटर बिघडली. म्हणजे चालू व्हायची, आवाजही करायची, पण पाणी वर येईना. नुसतं थुंकल्यासारखं चार थेंब. वांगी मान टाकायला लागली, पालक पिवळा पडला. गावातल्या मेकॅनिकने कान लावून ऐकलं आणि निकाल दिला: "मोटर जळाली. खोला."

तिचे बाबा मोटर काढायला माणसं बोलावणार, एवढ्यात शुभांगी कॉलेजातून घरी पोचली. ती म्हणाली, थांबा, आधी चूक पाहू द्या. दोन दिवसांपूर्वी गावातला ट्रान्सफॉर्मर बदलला होता, एवढं तिने विचारून घेतलं. मेन बंद केला, तपासून खात्री केली, फ्यूज काढून खिशात ठेवले आणि स्टार्टरमधल्या तीनपैकी दोन वायरी एकमेकींच्या जागी लावल्या. मग फ्यूज लावून मेन चालू. पाणी असं आलं की पाइपच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाबांची टोपी वाहून गेली! मोटरीला काहीच झालं नव्हतं, नव्या ट्रान्सफॉर्मरवर वायरींचा क्रम बदलल्यामुळे ती बिचारी उलटी फिरत होती.

बाबांनी ओली टोपी पिळली आणि म्हणाले,

"तीन वर्षं कॉलेजात गेली, ते दोन वायरी इकडच्या तिकडं कराले?"

हे त्यांचं तोंडावरचं कौतुक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात शेजारचे चार शेतकरी उभे होते. त्यांच्याही मोटरी उलट्या फिरत होत्या आणि बाबा प्रत्येकाला सांगत होते, "थांबा जी, इंजिनीअर मॅडम चहा पिऊन राह्यल्या."

*

इथवर सगळं हसण्यासारखं आहे. पुढचं मला आजही हसून सांगता येत नाही.

शुभांगी पहिल्या वर्गात पास झाली आणि मुलाखतींना जायला लागली. प्रत्येक ठिकाणी लेखी परीक्षेत वर नाव आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न: साइटवर मुलीला कुठं ठेवणार? एका कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसात मी तिच्यासोबत गेले होते. थंडगार केबिनमध्ये बसलेल्या साहेबांनी विचारलं, "टॉवरवर चढशील का?"

"चढीन सर. फक्त खालून ड्रॉइंग नीट वाचणारा माणूस द्या!"

मला हसू फुटलं. साहेबांना नाही फुटलं. त्यांनी तिला ऑफिसात फोन घेण्याचं काम देऊ केलं. ती नम्रपणे नको म्हणाली. परतीच्या एसटीत ती खिडकीतून दिसणारे हायटेन्शन लाइनचे टॉवर मोजत होती आणि मी रडत होते. मला राग आला होता, त्या साहेबाचा आणि माझाही. आम्हीच तिला स्वप्नं दाखवली होती ना! सेलूच्या आसपास तिनेच मला तिचा रुमाल दिला.

असं वर्षभर चाललं. शेवटी तिने वर्ध्यातल्या एका दुकानात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं काम पत्करलं. येत्या सोमवारपासून. "घरी बसून किती दिवस राहू मॅडम?" एवढंच म्हणाली. त्या दिवशी धोटे सरांच्या ड्रॉइंगमध्ये तीन-तीन चुका निघाल्या आणि एकही मुद्दाम घातलेली नव्हती.

*

त्याच आठवड्यात प्रफुल्लचा फोन आला. प्रफुल्ल आमचा जुना विद्यार्थी, कारंजा घाडगेचा. हायवेवर त्याच्या वडिलांचा ढाबा आहे. तो स्वतः आखाती देशात एका मोठ्या प्रकल्पावर असतो. एका देशाची वीज समुद्राखालच्या केबलने दुसऱ्या देशात न्यायची, असलं अचाट काम. सुट्टीच्या दिवशी तो व्हिडिओ कॉल करून साइट दाखवतो. तिकडे ढाब्यावर ट्रक ड्रायव्हर बघतात, इकडे आम्ही. एकदा त्याने यंत्रांचा तो अवाढव्य हॉल दाखवला, आपल्या कॉटन मार्केटचं शेड मावेल एवढा. मेश्राम भाऊंनी बारकाईने पाहून विचारलं,

"अर्थिंगले पाणी कोण टाकते बे तिथं?"

"समुद्र आहे ना भाऊ बाजूले!"

"मंग ठीक आहे," भाऊ म्हणाले. त्यांच्या दृष्टीने प्रकल्प पास झाला.

या वेळी मात्र प्रफुल्लकडे खरी बातमी होती. त्यांच्याकडे पॅनेल तपासायला माणसं हवी होती. डिप्लोमा चालत होता, मुलगीही चालत होती. त्याने शुभांगीचं नाव दिलं होतं. मुलाखत शनिवारी दुपारी, व्हिडिओ कॉलवर.

मी आंजीला फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. समुद्राखालची केबल, दोन देश, सगळं. मग विचारलं, "तिथं मोटरी उलट्या फिरतेत का?"

"फिरत असतील," मी म्हटलं.

"मंग पाठवतो," ते म्हणाले.

*

मुलाखत आमच्या लॅबमध्येच झाली, कारण कॉलेजात तिथल्या खिडकीशीच नेटवर्क बरं मिळतं. शुभांगी कॉम्प्युटरसमोर. मी आणि धोटे सर कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून टेबलाच्या कडेला जमिनीवर बसलेलो. मेश्राम भाऊ मुलांनी प्रोजेक्ट म्हणून बनवलेल्या इन्व्हर्टरवर हात ठेवून उभे. तो इन्व्हर्टर परीक्षेच्या दिवशी चालतो आणि नंतर नाही, अशी त्याची ख्याती. कॉल सुरू होऊन पाच मिनिटं झाली आणि लाइट गेले! भाऊंनी बटण दाबलं, डोळे मिटले. इन्व्हर्टर घुरघुरला आणि चालला! नंतर कळलं, भाऊ तीन दिवस त्याला चार्ज करत होते.

पडद्यावर दोन माणसं होती. एक बाई आणि एक पांढऱ्या केसांचे इंजिनीअर, दोघंही परदेशी. शुभांगीचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण उत्तरं ठाम. म्हातारेबुवा खुश दिसत होते. शेवटी त्यांनी एक ड्रॉइंग पाठवलं. केबलमध्ये बिघाड झाला तर वीज आपोआप बंद करणाऱ्या पॅनेलचं. तीन पानं. खऱ्या कामाचं. वाचा, तपासा आणि वीस मिनिटांनी खाली 'तपासलं' लिहून नाव टाका, एवढंच काम होतं.

वीस मिनिटं झाली. शुभांगीने नाव टाकलं नाही.

"काही अडचण?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"यात एक चूक आहे सर," ती इंग्रजीत म्हणाली. "मला अजून सापडली नाही. सापडली की नाव टाकते."

खाली जमिनीवर धोटे सरांनी माझा दंड इतका घट्ट धरला की निळा डाग पडला.

म्हातारे हसले. म्हणाले, हे ड्रॉइंग चार इंजिनीअरांनी मंजूर केलंय, पॅनेल बनून साइटवर उभंही राहिलंय. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"हो सर," शुभांगी म्हणाली. "तरी आहे."

त्यांनी आभार मानले आणि कॉल बंद झाला.

धोटे सर जमिनीवरून उठले. वीस वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"अवं पोरी, चूक मी घालतो! मी! जगात सगळेच नाई घालत!"

"मालूम आहे सर."

"मंग काऊन नाई केली सही?"

शुभांगीने कॉम्प्युटर बंद केला.

"हात जात नव्हता सर," ती म्हणाली.

सर खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. माझ्याच पद्धतीने मी पोरीचं वाटोळं केलं, असं काहीतरी पुटपुटत राहिले. मेश्राम भाऊंनी सगळ्यांना ताक दिलं. कोणी प्यायलं नाही. सोमवारी शुभांगी झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली.

*

गुरुवारी दुपारी विभागाच्या मेलवर एक पत्र आलं. तिने तोच पत्ता दिला होता. मी उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. पहिल्याच ओळीत नोकरी होती. साइटवरची! पॅनेल तपासायची! मेश्राम भाऊंनी हातातली बादली तिथेच सोडली, लॅबभर पाणी.

"पुढं वाचा, पुढं," धोटे सर म्हणाले. त्यांचा चष्मा धूसर झाला होता.

पुढे त्या म्हाताऱ्या इंजिनीअरांनी स्वतः लिहिलं होतं. मुलाखतीनंतर त्यांना चैन पडलं नाही. त्यांनी ते ड्रॉइंग पुन्हा तपासायला लावलं. तीन दिवस लागले. तिसऱ्या पानावर एक वायर चुकीच्या टोकाला दाखवलेली निघाली. साइटवरच्या पॅनेलमध्येही ती तशीच जोडली होती. येत्या सोमवारी वीज सोडणार होते, ती त्यांनी थांबवली. चार इंजिनीअरांना जे दिसलं नाही, ते या मुलीला कसं कळलं, हे तिला कृपया विचारून सांगावं, अशी त्यांची विनंती होती.

मी लगेच दुकानात फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सर आणि भाऊ फोनवर ओणवे झाले. मी एका दमात सगळं सांगितलं. नोकरी, साइट, म्हातारेबुवा, थांबवलेली वीज!

"अन् शुभांगी, तू म्हणाली ते खरं निघालं गं! होती चूक! तिसऱ्या पानावर होती!"

पलीकडून नुसता झेरॉक्स मशीनचा आवाज येत राहिला. आम्हाला वाटलं, पोरगी रडते आहे.

मग ती म्हणाली,

"तिसऱ्या? मॅडम, मले त पह्यल्या पानावर डाऊट होता! त्यायले म्हणा, वीज सोडू नका अजून!"